‘पिशवीचं ऑपरेशन’ आणि बाईंची चार दुखणी

“मॅडम, एकशे बारा किलोचा देह होता तेव्हा गुडघे तेवढे कुरकुरायचे. आता शहात्तरवर आलो आणि टाच टेकवत नाही, रात्री कूस बदलता येत नाही, नडग्या ठणकूलेत. मग ऑपरेशन केलं कशाला म्हणायचं?”

मार्चमधली दुपार होती. बाई खुर्चीच्या कडेवर, उजवं कूल्हं उचलून बसल्या होत्या. बेळगावच्या बाजूला बायकाही स्वतःबद्दल ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलतात. पुण्याच्या ज्या दवाखान्यात ऑपरेशन झालं, तिथे यावरून पोरी हसल्या, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं. म्हणजे तिथे त्या पुढे फारसं बोलल्या नसणार, हे मी मनात नोंदवून ठेवलं. पुढे याचा संबंध लागला.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, बेळगावच्या अनगोळात माझा लहानसा दवाखाना आहे. बाई येळ्ळूरच्या बाजूच्या एका गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवतात. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. शिक्षिकेला आपल्याकडे ‘बाई’च म्हणतात, तेव्हा इथेही तेच नाव पुरे.

वय ४६, उंची १५४ सेंटिमीटर. मागच्या एप्रिलमध्ये उन्हाळी सुट्टी लागताच त्यांनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठरावर करतात ती शस्त्रक्रिया, करून घेतला. अकरा महिन्यांत ३६ किलो उतरले. बीएमआय ४७ वरून ३२ वर आला. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारं एचबीए१सी ८.९ होतं ते ५.९ झालं, मधुमेहाच्या गोळ्या बंद झाल्या, घोरणं थांबलं. शस्त्रक्रिया यशस्वी होती, हे आधीच नोंदवते. कारण पुढचं वाचून कुणी ‘बघा, म्हणूनच असल्या भानगडीत पडू नये’ असं म्हणेल, आणि ते बरोबर ठरणार नाही.

एक शब्द, दोन अर्थ

साडीच्या दुकानाच्या पिशवीतून बाईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. पुण्याची डिस्चार्जची फाईल त्यात नव्हती, ती घरी कपाटात होती. चिठ्ठ्या गावातल्या डॉक्टरांच्या होत्या. डिसेंबरपासून दहा आठवड्यांत सहा वेळा इंजेक्शन दिलेलं होतं, डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. शिवाय अॅसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉलची गोळी, सकाळ-संध्याकाळ. जानेवारीच्या शेवटी जुलाब लागले तेव्हा पाच दिवस ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल ही जंतुसंसर्गावरची गोळी.

बायपास झालेल्या माणसाला ही औषधं? मी विचारलं, “डॉक्टरांना ऑपरेशनचं सांगितलं होतं ना?”

“सांगितलं की वो. पिशवीचं ऑपरेशन झालंय म्हणून.”

मला हसू आलं नाही. आपल्याकडे पिशवीचं ऑपरेशन म्हणजे गर्भाशय काढणं. गावातल्या दर दुसऱ्या घरात तसं ऑपरेशन झालेली एक बाई असते आणि तिला कंबरदुखीसाठी डायक्लोफिनॅक दिलं तर कुणी वावगं मानत नाही. डॉक्टर कन्नड भाषक. मराठी चांगलं बोलतात आणि हा शब्द त्यांनी बायकांच्या तोंडूनच शिकलेला. त्यांनी तोच अर्थ घेतला.

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. पुण्याच्या सर्जननी कागदावर चित्र काढून ‘तुमच्या जठराची छोटी पिशवी करणार’ असंच समजावलं होतं. पण थोडा आडपडदाही होता. शिक्षकांच्या खोलीत आणि भावकीत ‘वजनासाठी ऑपरेशन’ म्हटलं की ‘चार घास कमी खाता येईनात होय?’ हा टोमणा ठरलेला. पिशवीचं ऑपरेशन म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. सासूबाईंनाही आजवर तेवढंच माहीत आहे.

या औषधांनी बिघडतं काय, ते थोडक्यात सांगते. बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी राखतात आणि लहान आतडं खालून आणून तिला जोडतात. उरलेलं जठर आणि आतड्याचा पहिला भाग अन्नाच्या वाटेतून बाजूला पडतो. जोडलेल्या त्या आतड्याला आम्लाची सवय नसते. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक या गटातली औषधं शरीरातलं प्रोस्टाग्लँडिन नावाचं रसायन कमी करतात. त्यामुळे दुखणं कमी होतं, आणि आतल्या अस्तराचं संरक्षणही त्यामुळेच कमी होतं. मग जोडावर व्रण होतो. इंजेक्शन ‘पोटात जात नाही’ म्हणून सुरक्षित, असं शिकलेली माणसंही मला सांगतात. ते चूक आहे. औषध कमरेतून गेलं काय किंवा तोंडातून, रक्तात पोचल्यावर अस्तरावर तोच परिणाम होतो. जोडीला स्टेरॉइड असलं की धोका आणखी वाढतो.

मी टाचेला हात लावायच्या आधी पोटाचं विचारलं. छातीखाली जळजळ होते? होते, जेवल्यावर जास्त. शौचाचा रंग? बाई संकोचल्या. “काळी होतीय. डांबरागत. लोहाच्या गोळीनं होते म्हणतात ना?” लोहाच्या गोळीने शौच काळपट होते हे खरं, पण चिकट आणि उग्र वासाची होत नाही. शिवाय लोहाची गोळी त्यांनी सप्टेंबरातच सोडली होती. पापण्या उलटून पाहिल्या, पांढुरक्या. नाडी बसल्या जागी १०४.

त्या दिवशी मी एकही व्यायाम दिला नाही. मुलाला फोन करून बोलावलं, फाईल घरून मागवली आणि संध्याकाळच्या आत त्यांना शहरातल्या पोटविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. हिमोग्लोबिन ८.२ आलं. एंडोस्कोपीत जोडावर व्रण दिसला, वाहून थांबलेला. दुखऱ्या टाचेची तक्रार घेऊन आलेली बाई पोटातून रक्त गमावत होती.

उपचार पोटविकारतज्ज्ञांनी ठरवले. वेदनाशामक पूर्ण बंद, आम्ल कमी करणारं औषध कॅप्सूल उघडून आणि सोबत व्रणावर लेप धरणारं सुक्राल्फेटचं सिरप. पिशवी एवढी लहान असते की अख्खी कॅप्सूल विरघळायच्या आधीच पुढे सरकते, म्हणून ती उघडून घ्यायची. लोह शिरेतून दिलं. व्रण करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूची तपासणी निगेटिव्ह आली.

आणि मिसरी. निपाणीची तंबाखू आपल्या जिल्ह्याची ओळख आहे आणि भाजलेल्या तंबाखूची मिसरी कित्येक घरांत चुलीशेजारी डबीत असते. बाई लहानपणापासून सकाळ-संध्याकाळ लावत होत्या. पुण्याला ‘सिगरेट, तंबाखू?’ असं विचारलं तेव्हा त्यांनी ‘नाही’ सांगितलं, कारण मिसरीला त्या तंबाखू मानतच नव्हत्या. धूम्रपानामुळे जोडावरचा व्रण होतो आणि भरायचाही लांबतो हे पक्कं आहे, आणि निकोटिन कुठल्याही रूपात नको असं सर्जन सांगतात. मिसरी सुटायला दीड महिना लागला. वेदनाशामकं सोडण्यापेक्षा ते जड गेलं.

गावातल्या डॉक्टरांना मी फोन केला. जाब विचारायला नव्हे, कारण बाई पुन्हा त्यांच्याकडेच जाणार होत्या. ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “काय द्यायचं नाही आणि काय चालतं, लिहून पाठवा.” मी व्हॉट्सअॅपवर पाठवलं. हल्ली ते प्रत्येकीला ‘कुठली पिशवी?’ विचारतात असं बाईच सांगतात.

रंगवलेला माणूस

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात बाई परत आल्या. चेहऱ्यावर थोडं रक्त आलं होतं, पण आता पॅरासिटामॉलखेरीज दुखण्यावर औषध नव्हतं. तेही दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. दुखऱ्या जागी लावायच्या जेलमधलं औषध रक्तात फार थोडं उतरतं, तरी व्रण भरेपर्यंत तज्ज्ञांनी तेही थांबवलं होतं.

मी त्यांच्यापुढे माणसाचं रेखाचित्र ठेवलं आणि दुखतं तिथे रंगवा म्हटलं. मुलांच्या चित्रकलेच्या तासासारखं मन लावून त्यांनी कमरेखालचा अख्खा भाग लाल करून टाकला. “सगळंच दुखतंय. संधिवातच म्हणायचा.”

संधिवात हा आपल्याकडे मोठा सोयीचा शब्द. सकाळचा ताठरपणा तासभर टिकतो का, बोटांची पेरं सुजतात का, हे पाहिलं. नाही. दाह दाखवणारी सीआरपी ही रक्ततपासणी सामान्य, संधिवाताच्या आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या तपासण्या निगेटिव्ह. झपाट्याने वजन उतरताना, पाणी कमी पडलं की पहिल्या काही महिन्यांत गाउट, म्हणजे युरिक अॅसिड साठून होणारा सांध्याचा दाह, उसळू शकतो. पण त्यात एखादा सांधा रात्रीत लाल होऊन सुजतो, तसं कधी झालं नव्हतं आणि युरिक अॅसिड ५.१ होतं. मग मी प्रत्येक लाल डागाला वेगळं विचारायला सुरुवात केली. कधी दुखतं, कशाने वाढतं, दाबल्यावर दुखतं की हलवल्यावर? तासाभरात एका दुखण्याची चार झाली.

पहिलं हाडांचं. नडगीवर अंगठ्याने दाबलं की बाई कळवळत. बरगड्यांवरही तसंच. रात्री मंद ठणका, जागा नेमकी सांगता येत नाही. बसची पहिली पायरी चढताना दांडा धरून अंग ओढून घ्यावं लागे, आणि चाल किंचित बदकासारखी झालेली. रिपोर्टांनी उत्तर दिलं. ड जीवनसत्त्व अवघं ८ नॅनोग्रॅम, कॅल्शियम कमी पडलं की वाढणारं पीटीएच हे संप्रेरक १६४, हाडं बिघडली की वाढणारं अल्कलाइन फॉस्फेटेज २३१, कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही खालच्या कडेला. हाडं मऊ पडत चालली होती.

कारण साधं होतं. बायपासने आतड्याचा जो पहिला भाग बाजूला पडतो तिथेच कॅल्शियम मुख्यतः शोषलं जातं, आणि ड जीवनसत्त्वाला लागणारं पित्त अन्नात उशिरा मिसळतं. त्यामुळे ही पूरकं आयुष्यभर घ्यायची असतात. पुण्याची बाटली पाचव्या महिन्यात संपली. औषधाच्या दुकानात ‘कॅल्शियमच ना, ही घ्या’ म्हणून कॅल्शियम कार्बोनेट मिळालं. त्याला विरघळायला आम्ल लागतं आणि बाईंच्या पिशवीत आम्ल नावापुरतं. त्यांना सिट्रेट हवं होतं. कार्बोनेटने पोट कडक झालं, म्हणून तेही सोडलं. लोहाचंही असंच झालं. वजन उतरतंय, लोक ‘किती बारीक झालात’ म्हणतायत, मग गोळ्या कशाला?

फिजिशियननी ड जीवनसत्त्वाचे ६०,००० युनिट आठवड्याला, कॅल्शियम सिट्रेट दिवसात तीनदा विभागून आणि बी-१२ ची इंजेक्शनं सुरू केली. कॅल्शियम आणि लोह दोन तासांच्या अंतराने घ्यायचं, ही बारीक गोष्ट चिठ्ठीवर कुणी लिहीत नाही, म्हणून मी त्यांना शाळेच्या वेळापत्रकासारखा तक्ता करून दिला. कमरेचा एक्स-रे मी आग्रहाने काढून घेतला. मऊ हाडात मांडीच्या खुब्यापाशी न कळत तडा गेलेला असू शकतो आणि त्यावर व्यायाम म्हणजे घातच. तडा नव्हता.

दुसरं दुखणं गुडघ्यांचं. ते जुनंच आणि खरं तर सुधारलेलं. किलोभर वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने घटतो, म्हणजे बाईंच्या गुडघ्यांना बरीच सुट्टी मिळाली होती. मग उठताना त्रास का? हातांचा आधार न घेता ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येतं ते मोजलं. सहा. मांडीच्या स्नायूंत दम उरला नव्हता. वजन उतरतं तेव्हा चरबीबरोबर स्नायूही जातो, उतरलेल्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास. खाण्यात प्रथिनं नसतील आणि व्यायाम नुसता चालण्याचा असेल तर तो भरून निघत नाही.

त्यांचं आदल्या दिवशीचं खाणं लिहून काढलं. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, दुपारी अर्धी भाकरी आणि भाजी, चारला चहा, रात्री आमटी-भात वाटीभर. प्रथिनं ३० ग्रॅमच्या वर जात नव्हती, हवी होती किमान ६० ते ८०. गंमत म्हणजे कर्नाटकातल्या सरकारी शाळांत मुलांना दुपारच्या जेवणाबरोबर अंडी मिळतात आणि ती वाटायचं काम बाईंकडेच. रोज शेकडा अंडी हातावेगळी करून स्वतः डब्यातली भेंडी खायची. “मुलांचं आपण कसं खायचं?” हे खरंच, मग घरून दोन न्या म्हटलं. सोमवार, गुरुवार, शनिवार पाळायचे होते. त्या दिवशी पनीर, हुलग्याचं माडगं, दही. आणि घास आधी प्रथिनांचा, भाकरी नंतर, कारण पिशवी चार घासांत भरते.

तिसरं उजव्या कुल्ह्याच्या बाहेरच्या बाजूचं. त्या कुशीवर झोपता येत नाही, मांडी घालून उठलं की कळ येते, एका पायावर उभं केलं तर वीस सेकंदांत दुखायला लागतं. ही नितंबाच्या स्नायूची कंडरा. ती हाडाच्या उंचवट्यावर दाबली गेली की चिडते, आणि तिला दाबणाऱ्या सवयी आपल्या बसण्या-उठण्यातच आहेत. बाईंना मी फळ्यापुढे उभ्या असल्यासारखं उभं राहायला सांगितलं. लगेच उजवं कूल्हं बाहेर काढून, सगळा भार त्याच पायावर. बावीस वर्षं त्या असंच शिकवत आल्या. पूर्वी उंचवट्यावर चरबीची जाड गादी होती, आता ती गेली.

उपाय विशेष काही नव्हता. दोन गुडघ्यांत उशी घेऊन डाव्या कुशीवर झोपायचं, मांडी आणि पायावर पाय बंद, फळ्यापुढे दोन्ही पायांवर भार. यूट्यूबवर पाहून त्या पाय आडवा ओढून ताण देत होत्या, ते बंद केलं, कारण त्याने कंडरा आणखी दाबली जाते. भिंतीला पाय लावून बाहेर ढकलून धरायचा व्यायाम दिला. हे दुखणं सर्वांत आधी, सहा आठवड्यांत, निम्म्यावर आलं.

टाच

खरी चिवट निघाली ती टाच. दोन्ही बाजूंची मोठी कंडरा, टाचेच्या हाडापासून चार बोटं वर, जाड झालेली आणि चिमटीत धरली की दुखणारी. पोटरी दाबली तर पाऊल हलत होतं, म्हणजे तुटलेली नव्हती. डाव्या टाचेवर बिब्ब्याचा काळा डाग होता. शेजारच्या आजींनी घालून दिला होता. कातडी भाजली, कंडरेला त्याचा काही उपयोग झाला नाही.

बाई तिला ‘शीर’ म्हणत. आपल्याकडे स्नायू, कंडरा, नस, रक्तवाहिनी, सगळ्याला शीरच म्हणतात. शीर म्हटलं की लोक चोळायला बसतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारा दोर. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतो, दोराला महिने लागतात. त्याच्यात रक्तपुरवठाही बेताचा.

या दोरावर काय काय आलं ते पाहा. ऑक्टोबरपर्यंत दिवसाला जेमतेम तीन हजार पावलं. मग मुलाने मनगटी घड्याळ घेऊन दिलं आणि दिवाळीनंतर बाई बारा हजारांवर गेल्या. रविवारी पहाटे राजहंसगड. २०२३ मध्ये गडावर शिवरायांचा पुतळा उभा राहिल्यापासून तिथे सकाळी जत्राच असते, आणि शाळेतल्या मैत्रिणींबरोबर न थांबता वर जाणं हा बाईंच्या आयुष्यातला मोठा आनंद होता. जन्मात पहिल्यांदा त्या कुणाच्या मागे राहिल्या नव्हत्या. पायात सपाट रबरी चप्पल. चढावर टाच खाली जाते, कंडरा ताणली जाते, आणि तिला हातभार लावायला पोटरीत स्नायू नाही.

त्यात जानेवारीतली जुलाबाची गोळी. ओफ्लॉक्सासिन ज्या गटातलं आहे त्या फ्लुरोक्विनोलोन औषधांनी कंडरा दुखावते, क्वचित तुटतेही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्येच या गटाच्या माहितीपत्रकात ठळक इशारा छापायला लावला. स्टेरॉइड सोबत असेल तर धोका वाढतो, आणि बाईंना दहा-बारा दिवसांच्या अंतराने डेक्सामेथासोन मिळालेलं. टाचेचं दुखणं डिसेंबरात सुरू झालं होतं, पण ‘टेकवत नाही’ ही अवस्था फेब्रुवारीतली. सगळं खापर मी गोळीवर फोडणार नाही. पण पुन्हा जुलाब किंवा लघवीचा जंतुसंसर्ग झाला तर दुसऱ्या गटाचं औषध मागायचं, हे त्यांच्या तक्त्यात लिहिलं. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं का, असं त्यांनी दोनदा विचारलं. या कंडरेत नाही, तुटायची भीती असते.

मी दिलं ते एवढंच. चपलेऐवजी इंचभर टाच असलेली सँडल, घरातही. पहिले चार आठवडे कंडरेला नुसतं धरून ठेवायचं. ओट्याला हात टेकून दोन्ही टाचा थोड्या उचलायच्या, ४५ सेकंद तिथेच, असं पाच वेळा, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. हाडांचे रिपोर्ट सुधारेपर्यंत त्यापुढे जायचं नाही. मग सावकाश उचलणं, तीन आकडे मोजत वर, तीन मोजत खाली, पंधरा वेळा, तीन फेऱ्या, एक दिवसाआड. मग एका पायावर. शेवटी पाठीवर दप्तर, त्यात आधी दोन किलो तांदूळ, नंतर पाच.

दुखलं तर किती चालेल? शून्य ते दहा हे माप बाईंना पटेना. एकदा चार म्हणत, तेच दुखणं दुसऱ्या दिवशी आठ. मग आम्ही आणे लावले. सोळा आणे म्हणजे पाय टेकताच येत नाही. पाच आण्यांपर्यंत दुखलं तरी व्यायाम चालू ठेवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखणं कालच्याएवढंच असेल तर ठीक, वाढलेलं असेल तर एक पायरी खाली. त्यांनी वहीत रोजचे आणे लिहिले, शिक्षिकेच्या सुबक अक्षरात. मी पाहिलेल्या रुग्णांच्या नोंदींत ती सर्वांत प्रामाणिक वही असेल.

गड बंद झाला. त्यावर बाई रडल्या. पोटातून रक्त जातंय कळल्यावर रडल्या नव्हत्या.

पावसाळा आणि गणपती

जूनमध्ये शाळा सुरू झाली, वाटेत चिखल, सँडल वाहून जायची भीती. तरी वहीत खाडा नाही. हाडांचा ठणका जुलैत बराच विरला आणि बसची पायरी दांडा न धरता चढता आली. तीन महिन्यांनी पुन्हा एंडोस्कोपी झाली, व्रण भरला होता.

सप्टेंबरात गणपती आले. दिवसा जमिनीवर बसून एकशे एक मोदक, रात्री शहरात देखावे पाहायला. बेळगावात देखावे पाहणं म्हणजे खडेबाजारापासून शहापूरपर्यंत मध्यरात्र उलटेपर्यंत पायपीट. दुसऱ्या दिवशी वहीत ‘अकरा आणे’. घाबरून त्यांनी सगळं थांबवलं आणि गावातल्या डॉक्टरांकडे गेल्या. त्यांनी इंजेक्शन दिलं नाही, पॅरासिटामॉल दिलं आणि मला फोन केला. आम्ही पूर्ण विश्रांती घेतली नाही. पहिल्या पायरीवर, धरून ठेवण्यावर परत आलो. पाचव्या दिवशी चार आणे.

दसऱ्याच्या सुट्टीत मोजमाप घेतलं. वजन ७२. ड जीवनसत्त्व ३४, पीटीएच ७१, हिमोग्लोबिन ११.८. खुर्चीतून उठणं सहाचं तेरा. एका पायावर टाच उचलणं सुरुवातीला उजवीकडे तीन आणि डावीकडे पाच, आता सोळा आणि बारा. उजव्या कुशीवर झोप लागते. गुडघे उकिडवं बसलं की अजून करकरतात, ते तसेच राहतील असं मी सांगून टाकलं आहे. डावी टाच सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं धरते.

बाईंच्या पर्समध्ये आता एक कार्ड असतं, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. कन्नड मजकूर त्यांनीच लिहिला. ‘माझ्या जठराची बायपास शस्त्रक्रिया झाली आहे. गर्भाशयाची नाही. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अॅसिक्लोफिनॅक, गोळी किंवा इंजेक्शन, देऊ नये.’ ‘गर्भाशयाची नाही’ याखाली लाल पेनाने दोन रेघा आहेत. सासूबाईंना दिसू नये म्हणून ते चेनच्या आतल्या कप्प्यात.

पुढची तपासणी जानेवारीत. तोवर राजहंसगडाच्या निम्म्या चढापर्यंतच, रविवारआड, आणि उतरताना रिक्षा.